मामाजींच्या हातची भाकर

माझ्या लग्नात मला नवऱ्याच्या आधी सासऱ्याचा तवा दिसला.

वऱ्हाड घाटंजीहून ट्रकमध्ये बसून आमच्या नेरला आलं. बायका दाराच्या फटीतून पाहत होत्या, आणि नवरी असून मीही त्यांच्या खांद्यांमधून डोळा लावला होता. ट्रकमधून सगळ्यात आधी एक उंच, हडकुळा माणूस उतरला. डोक्यावर पांढरी टोपी, पायात करकरीत नवे जोडे आणि काखेत फडक्यात गुंडाळलेली काहीतरी गोल वस्तू.

"नवरदेवाचा बाप दिसते," माझी मावशी म्हणाली. "पण काखेत काय हाये वं त्याच्या? आहेराचं ताट?"

पंगती बसल्या तेव्हा उलगडा झाला. नवरदेवाचा बाप दोन घास वरणभात आणि थोडी बुंदी खाऊन उठला, मांडवामागे गेला, तीन दगड मांडले, काड्याकुड्या पेटवल्या आणि वर तवा ठेवून चक्क भाकरी थापायला बसला. पीठसुद्धा त्याने घरूनच आणलं होतं. घरात एकच गोंधळ उडाला. वरबापाने लग्नघरी आपली वेगळी चूल मांडली म्हणजे तो रुसला, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मानपानात कुठे कमी पडलो याची बायका आपसात उजळणी करू लागल्या. माझे बाबा हात जोडून मांडवामागे गेले.

"इवाईबुवा, आमचं काही चुकलं का?"

"काहीच नाही चुकलं," धुरात डोळे बारीक करत ते म्हणाले. "वरण फस्टक्लास होतं. बुंदी फस्टक्लास होती. फक्त भाकर मी माह्याच हातची खातो. तुम्ही खाता का एक?"

बाबांनी त्या भाकरीकडे पाहिलं. ती एका बाजूने जाड होती, दुसऱ्या बाजूने कागदासारखी पातळ होती आणि मधोमध काळी होती. पोट भरलं असं सांगून बाबा परत आले.

ते माझे मामाजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, सासूला आत्याबाई आणि व्याह्याला इवाई. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मामाजी घाटंजीला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात चौकीदार होते. कापसाच्या गाड्या आल्या की फाटक उघडायचं, गेल्या की लावायचं, आणि मधल्या वेळात सरकीवर टपलेल्या बकऱ्या हाकलायच्या, एवढं त्यांचं काम. जिनाच्या मागेच आमची वस्ती होती. आमचे हे मोटारीवर कंडक्टर, त्यामुळे दिवसातला बराच वेळ घरात आम्ही तिघंच असायचो. मामाजी, आत्याबाई आणि मी.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय माझं दुःख कळणार नाही. मला वाचता येत होतं, शिवता येत होतं, पण आमच्या गल्लीत माझं नाव होतं ते भाकरीसाठी. ज्वारीचं पीठ ताजं हवं, पाणी उकळतं हवं, आणि तळहाताने उंडा असा मळायचा की त्याला चिकटपणा आला पाहिजे. मग काठवटीत पीठ भुरभुरायचं, उजव्या हाताने थापायचं आणि डाव्या हाताने कडेला आधार देत फिरवत राहायचं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी निखाऱ्यांच्या आरावर उभी करायची. माझी भाकरी टम्म फुगायची, पदर असा सुटायचा की आत वाटीभर चून, म्हणजे पिठलं, भरावं. लग्न ठरलं तेव्हा आई मला म्हणाली होती, "तुले सासरी काही जड जाणार नाही. पहिल्या भाकरीतच सासरा खूश होईल."

आणि सासऱ्याने माझ्या पहिल्या भाकरीला हातसुद्धा लावला नाही.

मी टोपली पुढे केली तर त्यांनी नुसती मान हलवली. खाटेच्या वर खुंटीला त्यांचा तवा टांगलेला असायचा, तो उतरवला, चुलीपुढे माझ्या शेजारच्या पाटावर बसले आणि म्हणाले, "तुह्यं झालं का? मंग सरक जराशी."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे आंबाडीची भाजी घोटत होत्या.

"माह्याकडं काय पाहतं?" त्या म्हणाल्या. "छप्पनच्या दसऱ्याले नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, अन् आल्याबरोबर तवा मागतला. तवापासून हे असंच हाये. मी चिडली, रडली, माहेरी जाऊन बसली. काही फरक पडला नाही. मंग मी म्हटलं, बरं झालं, मी तं सुटली. भाजी चालते, वरण चालते, फक्त तव्यावरचं चालत नाही. आमचा बुढा हाये तो असा हाये."

"पण काहून?" मी विचारलं.

"त्याले विचार. मले म्हणते, तुले समजणार नाही."

विचारायची माझी हिंमत नव्हती. नवी सून सासऱ्याला काय विचारणार?

एक गोष्ट मात्र सांगते. माणूस इतका आग्रही असेल तर निदान त्याला भाकरी तरी यावी. मामाजींना ती येत नव्हती. वर्षानुवर्षं रोज करूनही येत नव्हती. त्यांचं थापणं ही मारामारीच होती. आधी पाणी जास्त व्हायचं, म्हणून पीठ टाकायचे, मग पीठ जास्त व्हायचं, म्हणून पाणी. असं करत करत एका माणसापुरता घेतलेला उंडा घरभराला पुरेल इतका होऊन बसायचा. मग त्याला दम द्यायचे. "ऐकतं का नाही बे? काल तं बरा होता तू." थापताना आवाज असा यायचा की फळीवरचे पेले वाजायचे. वस्तीतल्या बायका तो आवाज ऐकून आपापल्या चुली पेटवायच्या. तव्यावर टाकताना भाकरी अर्धी तव्यात आणि अर्धी बाहेर पडायची. बाहेर लोंबणारा तुकडा ते तोडून वेगळा भाजायचे. त्याला ते भाकरीचं पिल्लू म्हणायचे आणि आधी तेच खायचे. पोळीचा नाद त्यांनी केव्हाच सोडला होता, कारण लाटणं त्यांचं ऐकायचं नाही.

"मामाजी, जळली," मी एकदा न राहवून म्हटलं.

"जळली तं जळली. माही भाकर जळली तरी माही हाये."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कच्ची राहिली तरी माझी आहे, तुटली तरी माझी आहे. तवासुद्धा ते कोणाला घासू द्यायचे नाहीत. राखेने स्वतः घासायचे, धुवायचे, उन्हाला धरून पाहायचे आणि पुन्हा खुंटीला लावायचे. दुपारी खाटेवर पडले की नजर तव्याकडे असायची. कुठे गावाला जायचं झालं तर तवा बरोबर. एकदा भाच्याला पाहायला यवतमाळच्या दवाखान्यात गेले, तर आवारात लिंबाखाली भाकरी थापत बसले. तिथली नर्सबाई ओरडत आली. मामाजींनी तिला पाट दिला आणि गरम भाकरी वाढली. बाईंनी घास चावला आणि काही न बोलता निघून गेल्या. "पाहा, बाई खूश झाली," असं ते आम्हाला घरी येऊन सांगत होते.

कारण खाऊ घालायची त्यांना भारी हौस. दुपारी जिनाच्या फाटकाशी कोणी गाडीवान दिसला, कापूस वेचून आलेली कोणी बाई दिसली, की त्यांना घरी घेऊन यायचे. आधी बसायला द्यायचं, मग पाणी, मग ताट, आणि त्या ताटात वाकून आपल्या हातची भाकरी ठेवायची. एका गाडीवानाने एकदा खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून तो शिदोरी बांधून येऊ लागला. वस्तीतल्या कुत्र्यालासुद्धा ते तुकडे करून खाली ठेवायचे. कुत्रं यायचं, हुंगायचं, आदराने थोडा वेळ उभं राहायचं आणि निघून जायचं.

त्या कुत्र्यावरूनच ते मला एकदा बोलले. मी दारातून भाकरीचा शिळा तुकडा त्याच्यापुढे भिरकावला. मामाजी खाटेवरून ताडकन उठले.

"टाकू नको. ठेव."

"कुत्रं हाये, मामाजी."

"मी कुठं म्हटलं माणूस हाये? खाली वाक अन् ठेव."

ते माझ्याशी एवढं कडक बोलले ते पहिलं आणि शेवटचं. मी मुकाट्याने तुकडा उचलला आणि ठेवला. तेव्हा मला वाटलं, हाही त्यांचा एक छंदच असेल.

मला मात्र छंद वगैरे सुचत नव्हतं. विहिरीवर गेले की बायकांची कुजबूज थांबायची, ती माझ्यामुळे. "सून आणली तरी सासरा चुलीपुढं बसते वं," असं एकीने मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हटलं. दुसरी म्हणाली, "हाताले चव नसन." माझ्या हाताला चव नसेल! मी घागर घेऊन घरी आले आणि चुलीच्या धुराच्या निमित्ताने पोटभर रडून घेतलं. मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती. लुगडं नको, डोरलं नको, मामाजींनी माझ्या हातची एक भाकरी खावी. ती खाल्ली की मी त्या घरची झाले, असं मला वाटत होतं.

मग मी डोकं चालवलं. एक दिवस ते हात धुवायला गेले असताना त्यांच्या चळतीत मधेच माझी एक भाकरी सरकवून दिली. ते येऊन बसले. वरची खाल्ली. खालची उचलली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"ही कोणाची हाये?"

"तुमचीच असन," मी म्हटलं.

"माही नाही. ही लय गोल हाये." आणि ती त्यांनी आत्याबाईंच्या ताटात ठेवून दिली.

म्हणजे चूक माझीच होती, भाकरी चांगली केली होती. मी वाईट भाकरी करायला शिकले. तुम्हाला वाटेल त्यात काय अवघड आहे, पण सवयीचा हात बिघडवायला फार कष्ट पडतात. कड फाडायची म्हटली तरी बोटं आपसूक ती सांधत होती. आत्याबाई नसताना मी दोनचार बिघडवून पाहिल्या आणि कोणाला दिसू नये म्हणून स्वतःच खाल्ल्या. शेवटी एक अशी जमली की खुद्द मामाजींनी केली असं कोणीही म्हणावं. एका बाजूने जाड, मधे काळी, कडेला कातरलेली. ती त्यांच्या टोपलीत ठेवली आणि मी दाराआड उभी राहिले.

त्यांनी ती उचलली. उलटी केली, सुलटी केली, उजेडाला धरली.

"सूनबाई, इकडं ये."

मी पदर सारखा करत गेले.

"ही मुद्दाम वाकडी केली हाये. माही आपोआप वाकडी होते. त्यात फरक असते."

आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही पदरात तोंड खुपसून हसले. पण आतून मला फार वाईट वाटलं होतं.

त्यानंतर कापसाचा हंगाम संपला आणि बाबा मला माहेरी न्यायला आले. मी पहाटेपासून कामाला लागले होते. तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा, चून आणि भाकरी. त्या दिवशी प्रत्येक भाकरी फुगली. दोघे इवाई शेजारी शेजारी जेवायला बसले. मी दोघांच्या ताटात वाढायला वाकले. बाबांनी भाकरी घेतली. मामाजींनी ताटावर हात आडवा धरला, उठले आणि खुंटीवरचा तवा उतरवला.

बाबांचा घास हातातच राहिला. लग्नातला प्रकार त्यांच्या मनात होताच, पण निदान घरी असं नसेल असं त्यांनी धरलं होतं. ते चुलीपुढच्या मामाजींच्या पाठीकडे बघत राहिले.

"इवाईबुवा," शेवटी ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "पोरीचं काही चुकत असन तं सांगा. मी तिले घेऊन जातो. पण असं नका करू."

मामाजी वळले. हाताला पीठ तसंच होतं. त्यांना एकदम कळलं असावं की हा माणूस लग्नापासून काय मनात धरून बसला आहे.

"तुमच्या पोरीचं नखाएवढंही चुकलं नाही," ते म्हणाले. "ऐका. मी लहान होतो तवा माही माय डालकं घेऊन गावात फिरे. मी तिच्या लुगड्याले धरून मागं मागं. प्रत्येक दारासमोर दूर उभं राहाचं अन् म्हणाचं, भाकर वाढा वं माय. मंग वरून पडे. डालक्यात पडली तं बरं, नाही तं मातीत. माती झटकून आम्ही घरी आणो. कोणाची शिळी, कोणाची उष्टी, कोणाची बुरशी लागलेली. वर्षभर गावाचं काम करा अन् हे घ्या. दीक्षा घेऊन नागपूरहून परत येत होतो, तवा वाटेतच मनाशी ठरवलं. आता या हातात कोणाची भाकर घ्याची नाही. या हातानं थापाची."

आत्याबाईंनी भाजीचं भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनाही हे असं सांगितलेलं नव्हतं.

"पण ही तं घरची हाये," बाबा हळूच म्हणाले.

"हाये ना. मी कुठं नाही म्हणतो? पण कोणी वरून भाकर वाढाले लागलं की मले माह्या मायचं डालकंच दिसते. मी काय करू?"

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "डालकं तं आमच्याही घरी होतं." आणि माझी भाकरी त्यांनी ताटात बाजूला सारली. "तुमच्या हातची एक द्या मले."

मामाजींनी उठून, वाकून त्यांच्या ताटात आपली भाकरी ठेवली. बाबांनी ती पूर्ण खाल्ली, काळी बाजूसुद्धा सोडली नाही. नंतर मोटारीची वाट बघत आम्ही उभे होतो तेव्हा गालावर हात धरून ते मला म्हणाले, "पोरी, माणूस सोन्याचा हाये. भाकर खाऊन माही दाढ हालली, पण माणूस सोन्याचा हाये. आता त्याच्या मागं लागू नको."

मी हो म्हटलं. मला सगळं समजलं होतं, पण पटलं नव्हतं. जी वरून टाकायची ती बाई वेगळी आणि मी वेगळी, एवढं तरी त्यांना दिसायला नको का? माझी तळमळ कमी होण्याऐवजी वाढली. आता मला नुसतं त्या घरची व्हायचं नव्हतं. भाकरी न मागताही मिळते, हे त्या माणसाला एकदा तरी कळावं असं वाटत होतं.

मग एका बकरीने माझं काम केलं.

पुढच्या हंगामात ती बकरी जिनाच्या आवारात शिरली आणि सरकीच्या ढिगावर चढली. मामाजी तिच्या मागे चढले. बकरी उतरली, मामाजी घसरले. उजवा हात मनगटाच्या वर मोडला. वैद्याने बांबूच्या कमच्या लावून हात घट्ट बांधला, गळ्यात फडक्याची झोळी अडकवली आणि बजावलं की हा हात हलवायचा नाही.

वस्तीत थपथप थांबली. बायका विचारू लागल्या, "आज मामाजीचा आवाज नाही?" मामाजी खाटेवर बसून ज्वारीच्या कण्या खायचे. कण्या शिजवलेल्या, तव्यावरच्या नाहीत, त्यामुळे त्या चालायच्या. पण उभा जन्म भाकरीवर काढलेला माणूस तो. कण्यांनी त्यांचं पोट भरेना. चेहरा उतरला, बोलणं कमी झालं, कुत्र्यावरसुद्धा खेकसू लागले.

"अहो, जीव देता काय?" आत्याबाई ओरडायच्या. "खा ना पोरीच्या हातची एक!"

"नाही."

एका दुपारी मी धुणं घेऊन परत आले तर घरात कोणीतरी पुटपुटत होतं. मामाजी चुलीपुढे बसले होते. घरी कोणी नाही असं पाहून डाव्या हाताने उंडा थापायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. काठवट सरकत होती, ती ते पायाने अडवत होते. उंडा एकीकडून दाबला की दुसरीकडून पळत होता. "थांब बे, थांब ना बाप्पा," असं ते त्याला विनवत होते. शेवटी उंडा काठवटीबाहेर जाऊन राखेत पडला. मामाजी तिथेच बसून राहिले. एवढा मोठा उंच माणूस मला तेव्हा इवलासा दिसला, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

मी धुणं खाली ठेवलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन पाटावर बसले. सासऱ्याच्या इतक्या जवळ सुनेने बसायची ती रीत नव्हती. पदर कपाळापर्यंत ओढला आणि काठवटीत नवं पीठ घेतलं.

"मामाजी, तुमचा डावा हात चांगला हाये ना?"

"हाये."

"मंग तुम्ही कड धरा अन् फिरवा. थापाचं काम माहा उजवा हात करते."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे भाकर तुह्या हातचीच झाली."

"कशी काय? नुसतं थापून भाकर होते का? फिरवली नाही तं ती एका जागी चिकटून बसते. तुमचा हात नसन तं होणारच नाही."

ते विचारात पडले. तेवढ्यात आत्याबाई दारात आल्या, आम्हा दोघांना एका काठवटीपुढे बघून उंबऱ्यातच थांबल्या. मी उठायला लागले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

"बरं," मामाजी म्हणाले. "लाव हात."

पहिली भाकरी फाटली. मी एकदा थापायची तोवर ते गिरणीचा पट्टा फिरावा तशी भाकरी फिरवून मोकळे व्हायचे.

"हळू, मामाजी!" माझ्या तोंडून निघून गेलं. सासऱ्यावर ओरडले म्हणून मी जीभ चावली. मामाजींनी हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. हात मोडल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते.

"पाह्यलं का वं," ते आत्याबाईंना म्हणाले, "सून मले कामाले लावून राह्यली."

दुसऱ्या भाकरीला आमचा ताल जुळला. मी थापायची, ते बोटभर फिरवायचे. मी थापायची, ते फिरवायचे. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आरावर उभी केली. ती फुगली. मामाजी तिच्याकडे असे बघत होते जणू त्यांच्या घरात असं काही कधी घडलंच नव्हतं. त्यांच्या तव्यावर तरी घडलं नव्हतं.

मी ती उचलून ताटात ठेवली. वरून नाही, नीट वाकून ठेवली.

"यात अर्धी माही," ते म्हणाले. "मी अर्धी खाईन."

"खा ना."

त्यांनी भाकरी मधोमध मोडली. अर्धी चुनाबरोबर खाल्ली, हळूहळू, डोळे मिटून. खाऊन झाल्यावर उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे पाहत बसले. मी चुलीतली काडी उगाच पुढे मागे करत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी माही अर्धी खाल्ली की तुही खाल्ली, हे काही सांगता येत नाही."

"मले पण नाही सांगता येत."

"मंग ठेवून काय उपयोग?" असं म्हणून त्यांनी उरलेली अर्धीही खाल्ली. आत्याबाई पदराने डोळे पुसत भाजी आणायला गेल्या, जरी भाजी पुढ्यातच होती.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही एका काठवटीपुढे बसू लागलो. थपथप पुन्हा ऐकू येऊ लागली, पण आता तिच्यात ठेका होता. एका हाताची दुसऱ्याशी गाठ पडली की माणसंही बोलू लागतात. मामाजींनी मला जिनातल्या गमती सांगितल्या, मी त्यांना माझी वाईट भाकरी शिकण्याची कथा सांगितली. विहिरीवरच्या बायकांना आता नवा विषय मिळाला होता, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

यथाकाल वैद्याने कमच्या काढल्या. आता झोळी थोडे दिवस असू द्या, जपून वापरा, असं सांगितलं. झोळी राहिली. थोडे दिवस झाले, आणखी झाले, तरी ती गळ्यात होतीच. मला काळजी वाटायला लागली होती.

एकदा ते तंबाखूची पिशवी घरी विसरले म्हणून मी जिनावर गेले. फाटकाशी कापसाची गाडी अडली होती, चाक चरात रुतलं होतं. मामाजी चाकाला भिडले होते. उजव्या हाताने आरा धरून त्यांनी असा रेटा दिला की चाक एका झटक्यात वर आलं. मग त्याच हाताने त्यांनी फाटकाचा जाड अडसर उचलून लावला. झोळी बाजूच्या खुंट्याला लटकत होती.

मी तंबाखू तशीच घेऊन परत आले आणि आत्याबाईंना सांगितलं. त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या.

"मले केव्हाचं माहीत हाये," त्या म्हणाल्या. "तू काही बोलू नको."

संध्याकाळी मामाजी घरी आले. झोळी गळ्यात होती, हात तिच्यात नीट ठेवलेला होता, चेहऱ्यावर दुखण्याची रेघ होती. हातपाय धुतले, तवा उतरवून मला दिला आणि चुलीपुढे माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले.

"चाल पोरी, लाव हात. माहा हात तं काही कामाचा राह्यला नाही."

मी पीठ भुरभुरलं, उंडा मधे ठेवला. त्यांनी डाव्या हाताने कड धरली.

"अजून दुखते का, मामाजी?"

"दुखते ना वं. लय दुखते. तो वैद्य म्हणते, या जन्मात काही बरा होत नाही."

आणि खरंच, मामाजी होते तोवर तो हात काही बरा झाला नाही.